प्रसन्ननगरचा दुखवटा

प्रसन्ननगरात रडायला बंदी होती. तशी पाटी कुठं लावलेली नव्हती, पण दूध संघाच्या त्या वसाहतीतल्या शेंबड्या पोरालाही ती ठाऊक होती. रोज सकाळी संघाचा भोंगा वाजला की घराघरांतली माणसं उंबऱ्याबाहेर येत आणि भोंगा थांबेपर्यंत हसत. नुसते ओठ ताणून भागत नसे, आवाज यावा लागे. मग घरटी एक हसरा फोटो ग्रुपवर टाकायचा. ज्याचा फोटो आला नाही त्याला दुपारी कार्यालयात बोलावणं. कुणाच्या घरी मयत झाली तर ती मागच्या फाटकातून न्यायची. रडायचं असेल तर गावाकडं जाऊन, दिवस उरकून, तोंड धुऊन परत यायचं. क्वार्टर टिकवायची तर एवढं करावंच लागे.

हा कारभार आबासाहेबांचा. मूळचा केरबा. सायकलला किटल्या अडकवून दारोदार दूध घालणाऱ्या या माणसानं उजाड माळावर संघ उभा केला, शाळा काढली, दवाखाना काढला. यात खोटं काही नाही. पण पहिल्याच निवडणुकीत तो पडला होता. आदल्या दिवशीच्या सभेत पुढच्या रांगेत एक म्हातारा सभासद तोंड पाडून बसला होता, आणि पेट्या फुटल्या तेव्हा केरबाला ते तोंड आठवलं. पुढं तो निवडून आला, येतच राहिला, केरबाचा आबासाहेब झाला. ते तोंड मात्र त्याच्या मनातून गेलं नाही. पडलेलं तोंड म्हणजे विरोधी पॅनेल, हे त्यानं कायमचं ठरवून टाकलं.

पूर्णिमा त्यांची एकुलती एक लेक. कोल्हापुरात शाहूपुरीत राहायची, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करायची. लहानपणची जेवणं तिला अजून आठवत. आबा घास खाली ठेवत आणि विचारत, "तोंड का असं? माझं काय चुकलं?" काही चुकलं नाही असं कितीही सांगितलं तरी त्यांना पटत नसे. मग आई हसून दाखवी. तेव्हा कुठं ते घास उचलत.

ती आई सोमवारी पहाटे गेली. देवापुढं दिवा लावायला बसली आणि तिथंच कलंडली. पूर्णिमा कोल्हापुराहून पोचली तेव्हा सरण निम्मं जळून गेलं होतं.

"थांबला का नाही, आबा? मला तोंडही बघू दिलं नाही."

"भोंग्याच्या आदी उरकाय पायजे हुतं, बाळ," आबा म्हणाले. "लोकं बाहेर येत्यात. त्यांनी काय बघायचं?"

न बोलणं तिला चांगलं जमत असे. दोन दिवस ती आईच्या खोलीत बसून राहिली. दुःखावर तिनं पुष्कळ वाचलं होतं. त्यातलं एकही वाक्य कामाला आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षा सावडून झाली. दुपारी मैदानावर मांडव घातला होता आणि कमानीला फ्लेक्स होता: ‘कै. सौ. झुंबरबाई यांना स्मितांजली’. आईचा फोटो मोठा केला होता. तिच्या ओठांचे कोपरे कुणीतरी कॉम्प्युटरवर वर ओढले होते. पूर्णिमाला ती बाई ओळखू येईना.

आबासाहेब कार्यालयाच्या माडीवर फेटा बांधून तयार होते. खिडकीतून मैदान दिसत होतं, आणि ते येणाऱ्या एकेकाचं तोंड वाचत होते.

"तू शेवटाला बोलायचं," ते वळून न बघता म्हणाले. "जास्त न्हाय. ‘माझी आई हसत हसत गेली’ एवढंच म्हण."

"हसत गेली का ती?"

"मला काय म्हाईत? मी आंघोळीला गेलतो." त्यांनी फेट्याचं टोक खोचलं. "महिन्यावर निवडणूक आलीया, पूर्णिमा. आज एक तोंड पडलं की उद्या शंभर पडत्यात. तुला न्हाय कळायचं. तुझ्या पुस्तकात ह्ये नसतं."

एवढ्यात लालासाब ड्रायव्हर जिना चढून आला. तीस वर्षं आबासाहेबांची गाडी चालवून त्याला आत येण्याआधी हसायची सवय लागली होती. आज तो विसरला.

"साहेब, गेटावर बायका आल्यात."

"कुठल्या?"

"सगळीकडल्या. पार नेसरीपस्नं. अजून येत्यातच."

"बोलावलं कुणी त्यास्नी?"

"कुणी न्हाय. दुधाच्या गाड्यांवरनं बातमी गेली आसंल. रोज गावोगाव गाड्या जात्यात की आपल्या."

आबासाहेबांचा हात फेट्याकडं गेला. "रडाय लागल्यात?"

"न्हाय. गप बसल्यात."

पूर्णिमा उठली आणि लालासाबच्या मागोमाग खाली उतरली. वाटेत तिनं विचारलं, "चाचा, या बायका आईला कशा ओळखतात? आई तर कुठं जात नव्हती."

"जात हुत्या, ताई. दर म्हैन्याला न्हाई का, जोतिबाला जाती, वाडीला जाती म्हणून माझ्या गाडीतनं निघायच्या? आमी जोतिबाला कवाच गेलो न्हाय."

"मग?"

"जितं मयत झालीया तितं. रडाय."

आईचं माहेर नेसरीच्या बाजूचं, हे पूर्णिमाला माहीत होतं. तिकडच्या गावांत बायका मयताच्या घरी जाऊन हेल काढून रडतात, गेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य त्या रडण्यात गुंफतात, आणि आईला त्यात मोठा मान होता, हेही तिनं ऐकलं होतं. झुंबर रडायला बसली तर मेलेलं माणूस उठून ऐकेल, असं म्हणायचे. पण नवरा चेअरमन झाला त्या दिवशी ते बंद झालं होतं. चेअरमनची बायको दुसऱ्याच्या दारात गळा काढते, हे शोभत नव्हतं.

"बंद कुठलं हुतंय," लालासाब म्हणाला. "माझी लेक मलिका गेली, तवा आमच्या गल्लीत येऊन रडल्या. आमच्यात मोठ्यानं रडत न्हाईत, ताई. पण आमच्या बायकांनी त्यास्नी अडीवलं न्हाय. माघारी गाडीत बसताना तोंड धुऊन घ्यायच्या आन् मला म्हणायच्या, लालासाब, आरशात बघून सांग, हसल्यासारखी दिसती का मी?"

ते गेटाशी पोचले आणि पूर्णिमाचे पाय थांबले.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना, उसाच्या बांधाला लागून, बायका बसल्या होत्या. फाट्यापर्यंत, आणि फाट्याच्या पलीकडं वळणाआड जिथं नजर पोचत नव्हती तिथंही. टेंपोतून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, दुधाच्या गाडीत रिकाम्या कॅनशेजारी बसून आल्या होत्या. नऊवारीतल्या म्हाताऱ्या, गाउनवर टॉवेल टाकून तशाच निघालेल्या तरण्या सुना, कपाळावर काही नसलेल्या, कडेवर पोर असलेल्या, डोक्यावरून ओढणी घेतलेल्या. एवढ्या बायका एका जागी असूनही आवाज म्हणून नव्हता. उसाचं पान हललेलं ऐकू येत होतं. जोतिबाच्या यात्रेची गर्दी पूर्णिमानं पाहिली होती, मोर्चे पाहिले होते. पण गप्प बसलेली गर्दी तिनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली.

अगदी पुढं एक म्हातारी बसली होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पांढरा पिकला होता. पावलं ऐकून तिनं हात पुढं केला, पूर्णिमाला खाली ओढलं आणि बोटांनी तिचा चेहरा चाचपला.

"नाक झुंबरचंच. लेक न्हवं तू?"

"हो."

"मी बयाबाई. नेसरीस्नं आलीया. माझी थोरली लेक गेली तवा तुझ्या आयेनं माझ्या दारात दिवस काढला." मग तिचा आवाज चढला. "आन् तू गं? आये जाऊन तीन दिस झालं, अजून गप? वेशीपस्नं कान लावून आलोया आमी. लेकीचा हेल कुठं हाय?"

"म्हणजे?"

"आता गं बया! म्हंजी काय म्हंजी? लेकीनं तोंड उघडल्याबिगर पाव्हण्या बाईनं उघडाय चालतंय व्हय? आयेवर पयला हक लेकीचा. तू रडलीस की आमी रडणार. तंवर आमी बसणार."

"मला नाही येत तसं," पूर्णिमा हळूच म्हणाली.

"किती शिकलीयास?"

"पुष्कळ."

"आन् रडाय येत न्हाय," बयाबाई शेजारणीकडं वळून म्हणाली. "बघ बाई, काय साळा म्हणायची."

हे सगळं आबासाहेब वरून पाहत होते. शब्द ऐकू येत नव्हते, नुसत्या गप्प बसलेल्या बायका दिसत होत्या. तीसेक वर्षं ते चेहरे वाचत आले होते. त्यातलं एकही तोंड त्यांना कळलं नाही, आणि न कळलेल्याचा त्यांनी आपल्याला हवा तो अर्थ लावला.

"बगा," ते संचालकांना म्हणाले, "एक तरी रडती का? ह्येला म्हणत्यात शिस्त. आपला इचार भाईरच्या गावांतबी पोचलाय. घ्या आत सगळ्यास्नी. मसाला दूध द्या."

फाटक उघडलं. बायका आत आल्या आणि मैदानावर पंगतीला बसावं तशा ओळीनं बसल्या. मांडव पुरला नाही, मैदान पुरलं नाही, त्या क्वार्टरांच्या बोळांतून बसल्या. पोरांनी दुधाचे पेले फिरवले. बायकांनी ते घेतले आणि न पिता आपापल्या पुढ्यात मातीवर ठेवले. मयताच्या ठिकाणी तोंडात काही घालायचं नसतं. सबंध मैदानभर ते पेले तसेच राहिले. दुधावर साय धरली.

कार्यक्रम सुरू झाला. हास्यप्रमुख आकाराम माइकशी आला. शाळेतला शिपाई होता तो. त्याचं हसणं गडगडाटी, म्हणून आबासाहेबांनी त्याला त्या पदावर बसवलं होतं. त्यानं हात उंचावला. "हां, मंडळी! बाईसाहेबांसाठी! एक, दोन..." आणि कामगार हसले. रोजच्यासारखे, पोटातून. समोरच्या हजारो बायकांनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. हसू मध्येच कुठंतरी रस्ता चुकलं आणि थांबलं. आबासाहेब बोलले, दोन संचालक बोलले. मग आबासाहेबांनी स्वतः माइक काढून लेकीच्या हातात दिला, आणि तिच्या कानाशी म्हणाले, "हसून."

पूर्णिमा उभी राहिली. समोर ते सगळे चेहरे तिच्याकडं लागलेले होते. काही मागत नव्हते, फक्त थांबले होते. तिला वाटलं, आईनं या प्रत्येकीचं दार ओलांडलंय. आणि मी त्या बाईच्या खोलीत दोन दिवस खुर्चीवर बसून राहिले.

"माझी आई," ती म्हणाली.

पुढचं वाक्य तयार होतं. ते आलं नाही. तिला स्वतःलाच ओळखू न येणारा आवाज माइकमधून बाहेर पडला. आधी शब्दच नव्हते त्यात. मग आले.

"आई गं... तुझं तोंड न्हाई गं बघितलं... माझ्या आई... मी आले गं, पन् तुझं तोंड न्हाई बघितलं..."

बालपणी सोडलेली बोली कुठून वर आली, ते तिला कळलं नाही. खालून एका म्हातारीचा आवाज उठला. बयाबाईचाच असावा.

"तू माझ्या दारी आल्तीस गं झुंबरबाई... माझी मैना गेली तवा उन्हाची आल्तीस गं..."

तिच्या शेजारणीनं तिचं वाक्य संपायच्या आत आपलं धरलं. "माझा धनी ट्रॅक्टरखाली गेला गं... कुणी शिवंना तवा तू माझं डोस्कं मांडीवर घेतलंस गं..." मग तिसरी. मग ओळच्या ओळ. बायकांनी डोक्यावर पदर ओढले, एकमेकींच्या गळ्यात हात टाकले, आणि त्या आवाजाला लय आली. दुरून ऐकणाऱ्याला कुणी गातंय असं वाटलं असतं. प्रत्येकीचं मयत वेगळं होतं, गाव वेगळं होतं, आणि प्रत्येकीच्या हेलात आई चालत येत होती: चिखलातून, उन्हातून, पदर खोचून. पूर्णिमाला आई ठाऊक नव्हती. ती तिला आता कळत होती, हजार तोंडांनी.

"भोंगा!" आबासाहेब ओरडले. "भोंगा लावा! आवाज दाबा ह्यो!"

भोंगा वाजला. आणि इतकी वर्षं जे घडत आलं तेच घडलं. भोंग्याला माणसं बाहेर आली. पाळीवरले कामगार रबरी बूट घालूनच बाहेर आले. क्वार्टरांतून, दवाखान्यातून, शाळेतून माणसं आली आणि उंबऱ्याबाहेर येऊन तोंडं उघडून उभी राहिली. आकारामचा हात आपोआप वर गेला.

"हा," तो हसला. "हा... हा..."

चौथा ‘हा’ बाहेर पडेना. मागल्या सालीच त्याची बायको मागच्या फाटकातून गेली होती. पंधराव्या दिवशी तो याच जागी उभा राहून हसला होता, आणि गडगडाटी हसला म्हणून त्याला फेटा बांधला होता. तो माइकचा दांडा धरून खाली बसला. तोंड तसंच उघडं होतं, छाती तशीच उडत होती. हसण्याचं रडणं कुठल्या क्षणी झालं, ते त्याच्याजवळ उभ्या असलेल्या पूर्णिमालाही सांगता आलं नसतं.

पंचगंगेला पूर येतो तेव्हा पाणी आधी काठावरून येत नाही. ते घराच्या मोरीतून वर येतं, जिथं कुणाचं लक्ष नसतं तिथून. तसं ते रडणं वसाहतीच्या प्रत्येक घरातून वर आलं. ज्या घरात पोर गेलं होतं, ज्या घरात बाप गेला होता, जिथं लोकांनी तोंड धुऊन फोटो काढले होते, तिथून. पुरुष भिंतीला डोकं टेकून रडत होते. शाळेच्या बाई वर्गाच्या पायरीवर बसून रडत होत्या आणि पोरं त्यांच्याकडं टकामका बघत होती. भोंगा वाजतच होता. तो वाजवणाराही बहुधा बटणावर हात तसाच ठेवून रडत असावा. उसातून बगळ्यांचा थवा उठला आणि वसाहतीवरून पांढरा फिरत राहिला. आवाजानं मांडवाचं कापड थरथरत होतं. एवढं दुःख या माळावर, या नळांच्या आणि फुलझाडांच्या खाली, इतकी वर्षं बसून होतं, आणि कुणाला त्याची चाहूलही नव्हती. पूर्णिमाचं रडणं थांबलं. ती नुसती पाहत राहिली, डोंगरासमोर उभं राहून माणूस पाहतं तशी.

आबासाहेबांनी लेकीच्या हातून खाली पडलेला माइक उचलला.

"थांबा! कशापायी रडताय? काय कमी पडलंय तुमास्नी?" कुणी वर पाहिलं नाही. त्यांनी जवळच्या कामगाराचं नाव घेतलं, त्याच्या क्वार्टरचं नाव घेतलं. त्यानं मान वळवली नाही. विरोध असता तर तो आबासाहेबांना कळला असता. विरोधाशी कसं लढायचं ते त्यांना येत होतं. इथं त्यांच्यावर कुणी रागावलेलं नव्हतं. इथं ते कुणाच्या ध्यानातच नव्हते. मग कर्ण्यातून, सगळ्या मैदानावर, एक वेगळाच बारीक आवाज आला. "माझं काय चुकलं?" तो बोळाबोळांतून फिरला आणि हेलाखाली बुडून गेला.

भोंगा थांबला. माइक खाली ठेवून ते लेकीजवळ आले. फेटा सुटून खांद्यावर आला होता.

"पूर्णिमा, ह्या बायका कुठल्या पॅनेलच्या?"

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. ते खरंच विचारत होते. तिला राग यायला हवा होता, तो आला नाही.

"आबा, खाली बसा," ती म्हणाली. "सगळी बसलीत."

तिनं त्यांना दंडाला धरून व्यासपीठाच्या पायऱ्यांवरून खाली आणलं. मैदानात मोकळी जागा नव्हती. चेअरमन आले म्हणून कुणी उठलं नाही, कुणी सरकलं नाही. ते बायकांच्या ओळींमधून, पेले चुकवत, कुठं बसावं ते न कळून चालत राहिले. शेवटी एका म्हातारीच्या पायाला त्यांचा पाय लागला. रडता रडता तिनं मान वर केली. पांढऱ्या डोळ्यांना बाप्याचा नुसता आकार दिसला असावा.

"बसा की पावणं," बयाबाई म्हणाली आणि अंग चोरून तिनं वीतभर जागा केली.

आबासाहेब मातीवर बसले. फेट्याचं कापड मांडीवर गोळा झालं. पूर्णिमा त्यांच्या मागं उभी होती.

"कुठलं तुमी?"

"हितलाच."

"झुंबरबाई कोण लागायची तुमची?"

त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"कारभारीण हुती माझी."

बयाबाईनं हात लांबवून त्यांच्या गालाला लावला. गाल कोरडा होता.

"मग रडा की," ती म्हणाली, आणि पदर तोंडावर ओढून पुन्हा आपल्या कामाला लागली.